दुपारची सावड

दिवाळीचे कंदील उतरायच्या आत आमच्याकडे कापलेल्या भाताचा वास सुटतो. उभ्या भाताचा वास गोडसर असतो. तेच कापून आडवं केलं की थोडं कडवट लागतं नाकाला, आणि दुपारचं ऊन चढलं की तो वास सगळ्या गावावर पसरतो. पूर्वी मला तो आवडायचा. आता तो आला की माझे डोळे मिटायला लागतात. शोभेसाठी लिहीत नाही, खरंच मिटतात. भांडी घासताना, उभ्याउभ्या. ते वर्ष मी विसरायचं म्हटलं तरी अंग विसरत नाही.

परवा संध्याकाळी सुगंधा दारात येऊन उभी राहिली. सुगंधा म्हणजे आमची शेजारीण. घराला घर लागून, शेताला शेत लागून. दरवर्षी ह्या दिवसांत ती येते आणि एकच विचारते, "उद्या येतेस ना गो?" ह्या वेळी तिनं ते विचारलं नाही. उंबऱ्याशी पायाच्या बोटानं शेणाचा पोपडा उकरत राहिली. मग जे बोलली ते ऐकून माझ्या कपाळाला आठ्या पडल्या. काय बोलली ते सांगते, पण आधी ते वर्ष सांगायला हवं, नाहीतर मला उगाच वाईट ठरवाल.

शहापूरहून डोळखांबला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या अलीकडं आमचं गाव. इथं भात सावडीनं कापतात. आज सगळ्याजणी मिळून तुझं शेत, उद्या माझं, परवा तिसरीचं. मजुरी नाही. ज्या घरचं शेत, त्या घरचं जेवण, बस. मी लग्न होऊन आले ती आसनगावहून, स्टेशनाजवळच्या चाळीतून. विळा कुठल्या हातात धरतात तेही मला ठाऊक नव्हतं. पहिल्याच कापणीला बोट कापून घेतलं. सासूबाईंनी पदराची चिंधी फाडून बोटाला गुंडाळली आणि म्हणाल्या, "उरलेली बोटं हायत ना? कापा." मी रडत रडत कापलं. त्या रात्री भाकऱ्या थापताना त्यांनी मला सावड समजावली.

"दिवसाला दिवस. बाय मोठी असू दे नायतर बारकी, दिवस सगळ्यांचा सारखा. कुणाचा दिवस आपल्या अंगावर ठेवायचा नाय. मरताना जड जातो."

त्यांना मी आई म्हणायचे. म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचे. आमचं काही फार गोड नव्हतं. माझ्या कालवणात मीठ कधी बेताचं पडलं नाही, माझ्या भाकरीला कधी धड पापुद्रा आला नाही, आणि चाळीतल्या पोरीला शेणाचा वास येतो हे त्या सगळ्या गावाला सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मुरबाडकडच्या माहेरच्या. तिकडच्या बायका बोलायला फटकळ असतात असं म्हणतात, मला त्या एकीचाच अनुभव. पण हिशोबाच्या चोख. सावडीत आपल्या घरचा एक दिवस जास्त झाला तरी चालेल, कमी नाही.

त्या वर्षी लावणी झाली, आणि श्रावणात एका सकाळी परसात वडीसाठी अळूची पानं काढता काढता आई खाली बसल्या. त्या बसल्या ते पुन्हा आपल्या पायावर उठल्या नाहीत. उजवी बाजू गेली. जीभ अर्धी गेली. तालुक्याच्या दवाखान्यात राहून झालं, मग डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, काळजी घ्या. डॉक्टर भले होते. ते माझ्या नवऱ्याकडे बघून बोलले. नवऱ्यानं मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. कल्याणहून आलेल्या दिरांनीही माझ्याकडे बघितलं, जाऊबाईंनीही. काळजी कुणी घ्यायची हे ठरायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चहासुद्धा उकळत नाही.

ओटीवर लोखंडी कॉट टाकली. आईंचा डावा हात चालत होता, त्या हाताशी स्टीलचा पेला ठेवला. काही लागलं की पेला कॉटच्या पाइपावर आपटायचा. टण टण. पाणी हवं, टण टण. कूस बदलायची, टण टण. ओलं झालं, टण टण. माशी बसली, टण टण. मी चुलीपुढे असेन, गोठ्यात असेन, विहिरीवर असेन, तो आवाज मला शोधत यायचा. आपटून आपटून त्या पेल्याच्या काठाला पोचे आले होते.

थकवा म्हणजे काय हे मला वाटत होतं मला माहीत आहे. दिवसभर लावणीला वाकून आलेली बाई मी. पण शेतातला थकवा वेगळा. तो चौघींत वाटलेला असतो. मधे कुणीतरी काही चावट बोलते, सगळ्या हसतात, भाकरी सुटते, उन्हं उतरली की काम संपतं. शेताला बांध असतो. आजारी माणसाच्या खाटेला बांध नसतो. काम कुठं सुरू झालं आणि कुठं संपलं, काही दिसत नाही. कपडा बदलला, धुतला, वाळत घातला की पहिला पुन्हा ओला. कुणाला दाखवायचं म्हटलं तर दाखवायला काही नाही. भाताचा भारा तरी दिसतो.

मी चहात मीठ घातलं. कळशी न घेता विहिरीवर गेले आणि काठावर उभी राहून आपण कशाला आलो ते आठवत राहिले. म्हशीचं दूध काढताना कपाळ तिच्या कुशीला टेकलं आणि तशीच झोपले. म्हैस हलली नाही, शेपूटसुद्धा हलवली नाही. त्या सगळ्या मोसमात माझ्या झोपेची कदर केली असेल तर तिनं. बाकीच्यांनी कौतुक केलं.

कौतुकाचं सांगते. आजाऱ्याला भेटायला जायची आमच्याकडे मोठी रीत आहे. न गेलेलं लोक लक्षात ठेवतात. त्यामुळे सगळे आले. पाव्हणे आले, सोयरे आले, ज्यांच्याशी बोलणंचालणं बंद होतं तेही आले. येताना हातात बिस्किटांचा पुडा. पुडे एवढे जमले की शेवटी वासरू खायला लागलं. आलेला माणूस कॉटजवळ वाकायचा आणि आईंची परीक्षा घ्यायचा.

"मी कोण, सांग बघू? वळखलंस का?"

आईंना सगळे ओळखू यायचे. डोक्यात काही झालं नव्हतं, जिभेला झालं होतं. त्या नुसत्या बघायच्या. मग तो माणूस मान हलवायचा, "नाय वळखलं," आणि ओटीवर बसायचा. मी चहा ठेवायचे. चहा पिता पिता त्यांना औषधं सुचायची. कबुतराचं रक्त चोळ गो, माझ्या मेव्हण्याचा हात चालायला लागला. अमक्या पाड्यावर एक जण मुळी देतो, अमावास्येला न्या. हे सगळं मी करायचं. कबूतर मी धरायचं, अमावास्येला मी न्यायचं. आणि उठताना न चुकता, "तू हायस म्हणून म्हातारीचं निभलं. पुण्य लागतंय तुला. देव बघतोय."

बघतोय तर बघू दे. मला वाटायचं, नुसतं बघण्यापेक्षा त्यानं येऊन एकदा कूस बदलायला हात लावावा. पाय तो धरील, मी खांदे धरीन. ते गेले की कपबशा विसळायला परसात जायचे, आणि टण टण.

जाऊबाई कल्याणहून फोन करायच्या. "ताई, तुम्ही आहात म्हणून आम्ही अगदी निर्धास्त आहोत." हे त्या दर फोनला म्हणायच्या. दिवाळीत आल्या, तोंडाला मास्क बांधून कॉटजवळ उभ्या राहिल्या, मुलांना आजीबरोबर उभं करून फोटो काढले, फराळ केला आणि भाऊबीज उरकून गेल्या. फोटोत आईंच्या मागे धुतलेल्या कपड्यांची दोरी आलीय. मीच कुठं नाही.

नवऱ्याला मी दोष देत नाही असं लिहायचं ठरवलं होतं, पण लिहवत नाही. ते कल्याणच्या पुढं कारखान्यात. उजाडायच्या आत आसनगावची गाडी धरायला निघायचे, दिवे लागल्यावर घरी. थकून यायचे, खरं आहे. आल्यावर आईच्या कपाळावर हात ठेवायचे, "जेवलीस का गो आये?" आणि आई तोंडाच्या चालणाऱ्या बाजूनं हसायच्या. दिवसभर भरवलं मी, हसू त्यांच्या वाट्याला. मी एकदा म्हटलं, एक दिवस सुट्टी घ्या, मला नुसतं झोपायचंय. ते म्हणाले, "एक दिवस झोपून काय होणार?" भुकेल्या माणसाला एक भाकरी खाऊन काय होणार असं कुणी विचारत नाही.

भात पिवळं पडलं. बायका मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर जमल्या, कुणाची पाळी कधी ते ठरवायला. लावणीत मी सगळ्यांकडे सावडीला गेले होते. म्हणजे सगळ्यांचा एकेक दिवस माझ्याकडे यायचा होता. माझी पाळी आली तशी मी बोलले. बोलायचं घरून ठरवून गेले होते.

"माझ्या शेतावर येऊ नका. त्याच्याबदली एकेकीनं एकेक दुपार माझ्या घरी बसा. आईंजवळ. काय नाय करायचं, पेला वाजला तर बघायचं. ओलं झालं तर बदलायचं. मी तेवढी झोपते."

एकजण फिसकन हसली, आणि हसल्याचं तिलाच वाईट वाटून पदर तोंडाला लावला. सुगंधाच बोलली शेवटी, आणि ती काही वाईट मनानं बोलली नाही, तेच तर जास्त लागलं.

"अगो, सावड शेताची असते. तुजं भात आमी कापतो, भारे वाहातो, झोडून पन देतो. पन म्हातारीचं ते घरातलं काम. ते कसं सावडीत धरायचं?"

"का नाय धरायचं?"

"लोक काय बोलतील? सुनेनं सासू गावाच्या अंगावर टाकली म्हनतील. आनि भात उभं ठेवशील तर झडून जाईल ना गो."

झडून जाईल. भाताची सगळ्यांना काळजी होती. दाणा गळायला आला की तो दिसतो, खाली मातीत पडलेला दिसतो. मी गळत होते ते दिसत नव्हतं, कारण मी उभी होते. मला तिथल्या तिथं ओरडावंसं वाटलं. नाही ओरडले. घरी पेला वाजत असेल म्हणून उठून आले.

मग आल्या सगळ्या. शेतावर. एका सकाळीत माझं सगळं भात आडवं केलं. लांबून त्यांचं हसणं ओटीपर्यंत ऐकू येत होतं. आणि ज्या घरचं शेत त्या घरचं जेवण, त्यामुळे मी पहाटेपासून तांदळाच्या भाकऱ्या थापत होते, सुकटीचं कालवण, डाळ, वर कोरा चहा. जेवून त्या माझ्या ओटीवर टेकल्या, आईंना "कशी हायस गो म्हातारे" म्हणाल्या आणि पदरानं वारा घेत गेल्या. सावड फिटली. एवढी दमलेली मी त्या अख्ख्या मोसमात नव्हते, जेवढी मला मदत झाली त्या दिवशी होते.

आई सगळं बघत होत्या. कॉटवर पडल्यापडल्या त्यांना अंगणही दिसायचं आणि चूलही दिसायची. देवळातलं बोलणंही भेटायला आलेल्या कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. आमच्या गावात आजाऱ्यालाही बातम्या लागतात.

त्यानंतरची गोष्ट. भारे अजून खळ्यावर यायचे होते आणि आभाळ भरून आलं. अवेळी पाऊस आला की कापलेलं भात कुजतं, म्हणून सगळं गाव शेतावर धावलं. मीही आईंना पाणी पाजून गेले. डोक्यावरून भारे आणले, पडवीत टाकले. पाऊस आलाच नाही, नुसता अंधारून येऊन गेला. घरी आले, आईंच्या कॉटच्या पायाशी टेकले. केसांत पेंढ्याचा भुसा, अंगाला खाज, हातपायसुद्धा धुवायचे होते. म्हटलं, जरा पाठ टेकते भिंतीला.

जागी झाले तेव्हा कोंबड्या परत येऊन दारात घोटाळत होत्या. आख्खी दुपार झोपले होते. धडपडत उठले, आई डोळे मिटून पडल्या होत्या. म्हटलं, चला, ह्यांचाही डोळा लागला म्हणून पेला वाजला नाही. कपडा ओला होता, बदलला. अंग एवढं हलकं वाटत होतं की कपडा किती वेळचा ओला असेल हा विचार मनात आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पुन्हा झोपल्या. मीही पडले. मग रोजच. जेवण भरवून झालं की त्या डोळे मिटायच्या ते उन्हं उतरेपर्यंत. मला वाटलं, आता त्यांना आराम पडायला लागलाय. मी माणसात आले. चहात साखरच पडायला लागली. एकदोघी म्हणाल्या, "तब्येत सुधारली गो तुजी," जसं काही मी सुट्टीवर जाऊन आले होते.

अंगण सारवून खळं केलं, झोडणी सुरू झाली. एक दिवस अंग पुसताना आईंच्या कमरेखाली कातडी लाल दिसली. मग काळी. मग उघडी पडली. गावात येणाऱ्या सिस्टर बघून म्हणाल्या, "ओल्यात पडून राहतायत ह्या. तासन्‌तास." मी म्हटलं, शक्यच नाही, ओलं झालं की पेला वाजवतात. कूस बदलताना उशी सरकली. पेला उशीखाली होता. फडक्यात गुंडाळून.

आवाज होऊ नये म्हणून. एका हातानं त्यांनी ते फडकं कसं गुंडाळलं असेल ते मला अजून कळत नाही.

सिस्टर गेल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, काय चालवलंय हे, झोपेचं सोंग कशाला घेतलं, मला लोक काय म्हणतील. हो, तेव्हा मीही लोकांचंच बोलले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अर्ध्या जिभेनं एकेक शब्द जुळवत बोलल्या. मला वेळ लागला, पण सगळं कळलं.

"त्या... नाय आल्या. मी... दिली सावड. दुपारची."

मी पेल्यावरचं फडकं सोडलं.

"तुजे दिवस... अंगावर... लई झाले."

आणि डावा हात हलवून, आता जा, असं केलं, जसा त्या मला चुलीपुढून हाकलायच्या तसा.

सगळ्या गावात माझी झोप कुणाच्या लक्षात आली असेल तर ती खाटेवरच्या बाईच्या, जिला स्वतःची कूस बदलता येत नव्हती. तिच्याकडे देण्यासारखं एकच होतं, न बोलावणं. तेवढं तिनं दिलं आणि त्याची किंमत तिच्या पाठीनं मोजली. लोकांना हे प्रेम वाटेल. मला अजून तसं गोड काही वाटत नाही. मला राग येतो. माझी एक दुपार चौघींनी उचलली असती तर तिला ओल्यात पडावं लागलं नसतं. एवढी साधी गोष्ट होती.

जखम भरली नाही. मलम झालं, पट्ट्या झाल्या, कूस बदलायच्या वेळा मी घड्याळ लावून पाळल्या. दुपारी त्यांच्या हातात पेला देऊन बसायचे, वाजवा म्हणायचे. त्या हट्टानं वाजवायच्या नाहीत. पौषात, वालाला शेंगा धरल्या तेव्हा, त्या गेल्या.

आणि मग आल्या सगळ्या. ज्या जिवंतपणी कपडा बदलायला येऊ शकत नव्हत्या त्या आंघोळ घालायला आल्या. कुणी पाणी तापवलं, कुणी हळद आणली, कुणी केस विंचरले. मेलेल्या माणसाला हात लावायला लोक काय म्हणतील ते आड येत नाही. त्यांना कुशीवर वळवलं तेव्हा ती जखम सगळ्यांनी बघितली. सुगंधा बोलली. हळूच, माझ्या कानाशी, परक्यानं ऐकू नये एवढ्या काळजीनं.

"एवढी मोठी झाली तवर तुला कळली नाय गो?"

मी तिच्याकडे बघितलं. सांगायचं म्हटलं तर सगळं सांगता आलं असतं. तो पेला तिथंच खिडकीत होता. पण बाई समोर ओली होती, पाणी थंड होत होतं. मी तांब्या उचलला आणि पाणी घातलं. तेराव्याला कुणाकुणाच्या तोंडून फिरून माझ्या कानावर आलं, शेवटी शेवटी सुनेनं लक्ष दिलं नाही. पुण्य लागतंय म्हणणारीच तोंडं ती.

त्यानंतरही मी सावडीला गेले. जावंच लागतं, भात कुणासाठी थांबत नाही. दिवसाला दिवस दिला, कुणाचा अंगावर ठेवला नाही. फक्त पूर्वीसारखी हसत नाही. बायकांना वाटतं माझं वय झालंय.

तर परवा सुगंधा दारात आली. तिची सासू, सगळं गाव तिला बारकी आजी म्हणतं, ह्या पावसाळ्यात अंगणात घसरून पडली आणि खुबा मोडला. तेव्हापासून खाटेवर. मी भेटायला गेले नव्हते. बिस्किटांचा पुडा घेऊन जायची माझी तयारी नव्हती. सुगंधाला नीट बघितलं ते परवाच. पदर उलटा घेतला होता. डोळे कुठंतरी मागे गेले होते, बोलताना शब्द मधेच थांबत होता, कशाला आलो ते आठवत असल्यासारखा. मी ती नजर ओळखली. म्हशीनं ओळखली असती.

"माजा दिवस यायचाय ना तुज्याकडून," ती म्हणाली. "शेतावर नको येऊस. दुपारची घरी... आजीजवळ बसशील काय गो?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. सावड शेताची असते. तेच शब्द, तिच्याच सुरात, कितीदा मनात घोकले होते मी. म्हणून टाकले असते तर मला बरं वाटलं असतं, हे खोटं कशाला बोलू. तिलाही ते आठवत होतं, कारण ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, उंबऱ्याकडे बघत होती.

"येते," मी म्हटलं. "पण तू झोपायचंस. उठून चहा केलास तर मी निघून येईन."

सुगंधाला मी माफ केलेलं नाही. हे तिला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, पण इथं लिहून ठेवते. दमलेल्या बाईला झोपू द्यायला माफ करावं लागत नाही.

काल गेले. सगळं गाव कापणीवर, त्यामुळे आळीत कुणी नव्हतं. सुगंधा आतल्या खोलीत जमिनीवरच आडवी झाली, गोधडी अंथरायचीही थांबली नाही. मी आजीच्या खाटेजवळ बसले. आजी बारीकशी, डोळे मिटून पडलेली. मग माझ्या लक्षात आलं, तिच्या पापण्या हलतायत. झोपलेली नव्हती.

"आजी, काय हवं?"

तिनं आतल्या खोलीकडे बघितलं आणि कुजबुजली, "काय नाय गो. ओलं झालंय जरा. राहू दे. पोर झोपलीय, दमते ती. मी पडते अशीच."

उठले, पाणी आणलं, तिला कुशीवर घेतलं, पुसलं, कोरडा कपडा घातला. हाताला सगळं पाठ होतं. तिची पाठ बघितली. कातडी अजून चांगली होती. मग पिशवीतून घरचा पेला काढला, तोच, काठाला पोचे आलेला, आणि तिच्या हातात दिला.

"हा वाजवायचा. मी असेन तर मला, नसेन तर तिला. उशीखाली ठेवायचा नाय. समजलं काय?"

आजी पेला उलटासुलटा करून बघत राहिली. मग म्हणाली, "तुजा दिवस कवा फेडायचा गो आमी? म्हातारी मी, सुगंधाला तर..."

"हा फेडायचा नाय," मी म्हटलं. "हा मीच फेडतेय."

तिला काही कळलं नाही. आत सुगंधा घोरत होती.